उजवीकडची चार बटणं

माझा राग नाकावर असतो, यावर माझ्या सासरचं आणि माहेरचं एकमत आहे. दुसऱ्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचं एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही. धुळ्याला एका तंत्रनिकेतनात मी इलेक्ट्रॉनिक्सची लॅब सांभाळते. पोरं माझ्या पाठीमागे मला शॉर्टसर्किट म्हणतात आणि मला ते माहीत आहे, हे त्यांनाही माहीत आहे. तर एका दिवाळीत हा सगळा राग मी व्हिडिओ गेमच्या एका कंट्रोलरवर काढला. शिवाय धाकट्या भावावर आणि जळगावच्या एका गेमिंग पार्लरच्या मालकावर. आजही आठवलं की डोकं सणकतं, म्हणूनच लिहून काढते आहे.

माहेर धरणगावकडचं. घरात आम्ही अहिराणीच बोलतो. इथे लिहिताना बाकी सगळ्यांचं बोलणं मी सरळ करून घेतलं आहे, पण आईचं करायला गेले तर ती आई वाटेना, म्हणून तिचं, आणि तिच्याशी भाऊ बोलला ते एक वाक्य, तसंच ठेवलं आहे.

भावाचा अपघात एरंडोलच्या पुढे महामार्गावर झाला. रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं आणि कोणा ठेकेदाराने खडीचा ढीग अर्ध्या रस्त्यावर ओतून ठेवला होता. ना फलक, ना दिवा, ना साधी लाल चिंधी. मोटरसायकल ढिगावर चढली आणि हा उजव्या खांद्यावर पडला. हाड मोडलं नाही. लोक म्हणाले, देवाची कृपा. कसली कृपा? खांद्यातून हातात जाणाऱ्या नसा तुटल्या होत्या. हात जागेवर राहिला, बोटं पाचही शाबूत राहिली, पण त्यात जीव राहिला नाही. मोठ्या दवाखान्यात नेला, एक ऑपरेशन झालं आणि शेवटी डॉक्टरांनी समजूत घातल्यासारखं सांगितलं की आता यातून फार काही येणार नाही.

हा पोरगा ट्रॅक्टर चालवायचा. आमचाच नाही, गावातल्या निम्म्या लोकांचा. कोणाचं इंजिन अडलं की यालाच बोलवायचे, आणि हाही पान्यांची पेटी घेऊन हातातला घास टाकून जायचा. अपघातानंतर तो खाटेवर पडला आणि त्याने तोंड भिंतीकडे केलं. आणखी एक केलं. जाड कापडाचं एक जॅकेट काढलं, उजवा हात त्याच्या खिशात कोंबला आणि ते जॅकेट तो भर उन्हाळ्यातही अंगातून काढीना. आमच्याकडचा मे महिना ज्याने पाहिला आहे त्याला हे काय आहे ते कळेल. घामाने निथळायचा, पण हात बाहेर काढायचा नाही. वडील नुसते उठून शेतात जायचे.

मला हे बघवेना. मी चिडून, हो, चिडूनच त्याला तो कंट्रोलर करून दिला. शाळेत असताना तो मारामारीच्या गेममध्ये आख्ख्या गल्लीला हरवायचा, ते माझ्या लक्षात होतं. त्या गेमला डाव्या अंगठ्याने दांडी फिरवायची असते आणि उजव्या अंगठ्याने चार बटणं दाबायची असतात, एक बुक्क्याचं, एक लाथेचं, असं. डावा हात तर होता. उजव्याचं काम मी पायांकडे दिलं. कंट्रोलर उघडला, आतल्या सर्किटच्या पट्टीच्या मागच्या बाजूने, उजवीकडच्या चार बटणांच्या जागेवरून, बारीक वायरी काढल्या आणि एका लाकडी फळीवर दारावरच्या घंटीची चार बटणं बसवून त्यांना जोडल्या. फळी पायाखाली, कंट्रोलर मांडीवर. मूळची चार बटणं तशीच जागेवर राहिली. त्यांना आता कोणी हात लावणार नव्हतं, म्हणून मी ती काढायच्या भानगडीत पडले नाही.

पहिला आठवडा त्याने फळीला लाथ मारून ती खाटेखाली सरकवली. मीही फोनवर त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. मग एकदा आईचा फोन आला. तिने सांगितलं की पोरगा दुपारभर खाटेवर बसून आहे, बसून, झोपून नाही, आणि पाय आपटतो आहे. मी विचारलं, रागाने का? ती म्हणाली, नाही, खेळतो आहे.

पुढे तो इतका तयार झाला की बसने जळगावला जायला लागला. तिथे एक गेमिंग पार्लर आहे, वर पत्रे, आत अंधार, भिंतीला रांगेने पडदे. पाठीला पिशवी, पिशवीत फळी. तिथल्या पोरांनी हात खिशात का म्हणून विचारलं, तर याने सांगितलं, फ्रॅक्चर आहे, बरं होतं आहे. पायाने खेळणारा म्हणून त्याचं थोडं नाव झालं. तो घरी येऊन हरल्याजिंकल्याच्या गोष्टी सांगायला लागला, जेवताना पोळी मागून घ्यायला लागला. त्या पत्र्याच्या अंधाऱ्या खोलीत मी तेव्हा पायही ठेवला नव्हता, पण तिच्यावर माझा जीव जडला होता. तिथे जाणं बंद झालं तर हा पुन्हा खाटेवर जाईल आणि या वेळी उठणार नाही, हे मला, आईला, वडिलांना, तिघांनाही माहीत होतं. बोलून कोणी दाखवत नव्हतं, एवढंच.

दसऱ्यानंतरच्या रविवारी त्या पार्लरमध्ये स्पर्धा होती. भुसावळची, चाळीसगावची पोरं येणार होती. मी धुळ्याहून मुद्दाम गेले. ऑक्टोबरचं ऊन, आत माणसांची गर्दी, आणि मालकाने दोन्ही बाजूंना मोठे कूलर लावले होते. थंड कसलं, सगळी दमट वाफ. भाऊ माझ्याकडे बघून हसला आणि खुर्चीवर बसला.

पहिली फेरी नीट गेली. दुसऱ्या फेरीत त्याचा पडद्यावरचा गडी एकदम लाथा मारत सुटला. थांबेचना. मी भावाच्या पायांकडे बघत होते. दोन्ही पाय फळीवर होते, पण हलत नव्हते. त्याने पाय पूर्ण उचलले, तरी गडी लाथा मारतोच आहे. समोरचा भुसावळचा पोरगा आडवा झाला आणि पडद्यावर आमचा जिंकल्याची अक्षरं आली.

मग जो गलका झाला तो विचारू नका. टर्बो, टर्बो म्हणून पोरं ओरडायला लागली. टर्बो म्हणजे लबाडीचं बटण. एकदा दाबलं की दहादा दाबल्यासारखं चालतं, आणि स्पर्धेत ते लावलेलं सापडलं की बाहेर. फळीला वायरी, वायरींना चिकटपट्ट्या, हे सगळं तर दिसतच होतं. आणि हात खिशात. भुसावळच्या पोराने तेवढंच नेमकं पकडलं. म्हणाला, खिशात रिमोट आहे, हात बाहेर काढायला लावा.

मालक तिशीतला, गळ्यात साखळी, तोंडात मावा. त्याने भावाला विचारलं, इतके महिने फ्रॅक्चर कसं राहतं? हात दाखव. भावाने मान खाली घातली. मालक पुन्हा म्हणाला, दाखव ना, नसेल काही तर दाखवायला काय जातं? आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी गर्दीतून पुढे घुसले आणि ओरडले, "अहो, त्याचा हात मेलेला आहे. तो काय दाबणार त्याने?"

भावाने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर मी विसरू शकत नाही. टर्बोवाला म्हटल्याचं त्याला एवढं लागलं नव्हतं. त्याने डाव्या हाताने वायरी उपटल्या, फळी तिथेच टाकली आणि तो बाहेर गेला. मी ओरडायला नको होतं, असं नंतर मला सगळ्यांनी ऐकवलं. मला तसं वाटत नाही. मी नसते ओरडले तर दुसरं कोण ओरडणार होतं?

मालकाला मी सोडला नाही. तोही बधणारा नव्हता. म्हणाला, ताई, मला वाईट वाटतं, पण मशिन गडबड आहे हे तुम्हीही डोळ्यांनी पाहिलं. आधी ते नीट करा. मग आणा त्याला, सगळ्यांसमोर खेळू दे. मात्र जॅकेट काढून, आणि दोन्ही हात टेबलावर. नाहीतर उद्या जो तो खिशात हात घालून येईल. मी त्याला काय काय बोलले ते छापण्यासारखं नाही. पण बसमध्ये बसल्यावर कळलं की मशिनबद्दल तो बरोबर होता, आणि त्याने तर जास्तच राग आला.

कोणीतरी त्या सगळ्याचा व्हिडिओ काढला होता. 'एका हाताचा टर्बो' म्हणून तो गावातल्या ग्रुपवरही फिरला. भाऊ खाटेवर गेला. तोंड भिंतीकडे.

कंट्रोलर आणि फळी घेऊन मी धुळ्याला आले, उपटलेल्या वायरी जोडल्या आणि लॅबमध्ये हात धुऊन त्यांच्या मागे लागले. कंट्रोलर लॅपटॉपला लावला की पडद्यावर प्रत्येक बटणाचा एक गोल येतो, आणि बटण दाबलं की तो गोल पेटतो. मी बघत बसले, कधी आपोआप पेटतो ते. पेटेना. दिवसभर चालू ठेवला, फळीवर नाचून पाहिलं, वायर ओढून, पिळून पाहिली. शहाण्या मुलासारखा वागत होता. मी तरीही वायर बदलली, सोल्डरचे माझे सगळे डाग पुन्हा नव्याने दिले, घंटीची बटणं फेकून नवी आणली. लॅबमध्ये सगळं ठीक. मग सुट्टीच्या दिवशी घरी नेऊन भावाला लावून दिलं, तर सकाळी एक लाथ मारतो, दुपारी बरा, संध्याकाळी पुन्हा वेड्यासारखा. आणि धुळ्याला आणलं की पुन्हा साधूसंत. माझ्या नाकी नऊ आले. वीस पोरांच्या बिघडलेल्या सर्किटांवर नजर टाकून चूक सांगणारी बाई मी, आणि घरातलं एक खेळणं मला दाद देईना.

मग मी भावावर घसरले. फोनवर विचारलं, पाडलास का? नाही. चहा सांडलास? नाही. कोणाला खेळायला दिलास? नाही. मी म्हटलं, मग भूत येऊन बटणं दाबतं का? तो काहीच बोलला नाही. मला वाटलं, रुसला आहे. पार्लरमध्ये सगळ्यांसमोर त्याच्या हाताचं बोलले त्याचा राग धरून बसला आहे. मी आणखी चार गोष्टी सुनावल्या आणि फोन ठेवून दिला.

भाऊबीजेला मी माहेरी गेले. पहाटे दव पडलं होतं, अंगणातली रांगोळी ओली झाली होती. ओवाळणं झालं. भावाने जॅकेट घालूनच ओवाळून घेतलं आणि परत खाटेवर जाऊन बसला. मी म्हटलं, आज मी याचा सोक्षमोक्ष लावते. लॅपटॉप त्याच्याच खाटेवर ठेवला, कंट्रोलर लावला. लाथेचा गोल कोणी न दाबता पेटला, विझला, पेटला. मला तर तो वेडावून दाखवतो आहे असंच वाटलं. मी कात्री घेतली आणि माझ्याच हाताने जोडलेल्या सगळ्या वायरी कचाकच कापल्या. फळी वेगळी, कंट्रोलर वेगळा. आता बटण म्हणून काही उरलंच नव्हतं, निदान दाबायला कोणी नव्हतं.

गोल पेटला.

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा माझं डोकं जागेवर आलं. फळीत काही नव्हतं, वायरीत नव्हतं, माझ्या डागांत नव्हतं. गडबड कंट्रोलरच्या पोटात होती, त्या मूळच्या चार बटणांखाली, ज्यांना कोणी हात लावत नाही म्हणून मीही बघितलं नव्हतं. स्क्रू काढले, वरचं झाकण उचललं, बटणांखालची रबरी चकती सोलून काढली. खाली पट्टीवर पिवळा-तांबडा लगदा वाळून बसला होता. चारही जागी. दव पडलं, कूलर लागला की तो ओल धरायचा आणि बटण दाबल्यासारखी वीज पलीकडे जायची. धुळ्याच्या कोरड्या लॅबमध्ये वाळून गप्प पडायचा. मी बोट लावून वास घेतला.

हळद होती. हळद आणि कुंकू.

मी ओरडले, "कुंकू? यात कुंकू कोणी घातलं?" भाऊ खाटेवरून उठला, चालत गेला आणि डाव्या हाताने दार लोटून घेतलं. म्हणाला, अक्का, हळू बोल, ती चुलीपाशी आहे.

मग त्याने सांगितलं. आमच्याकडे खंडेनवमीला घरातली सगळी अवजारं धुऊनपुसून ओळीने मांडतात. विळे, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, मोटरचा स्टार्टर, आईचं शिलाई मशिन. आई प्रत्येकाला ओल्या हळदीकुंकवाची बोटं लावते आणि फुलाने पाणी शिंपडते. मोडलेल्या खुरप्यालाही लावते. लहानपणी मी विचारलं होतं, हे तर मोडलं आहे. तेव्हा तिने सांगितलं होतं की जे भंगारात टाकून दिलं नाही ते आपलंच, त्याला लावायचं. अपघाताच्या वर्षी तिने ताटच काढलं नाही. कोणी आठवणही करून दिली नाही, कारण त्या ओळीत भावाची पान्यांची पेटी असायची.

या वर्षी तिने ताट काढलं. सगळं मांडून झालं आणि तिने त्याला विचारलं, तुझं काय आहे ते आण. तो उभा राहिला. पान्यांची पेटी कुठे आहे ते त्याला माहीत होतं, पण ती आणवेना. मग त्याने आत जाऊन कंट्रोलर आणला आणि स्टार्टरच्या शेजारी ठेवला. वडील म्हणाले, खेळण्याची काय पूजा? आईने त्यांच्याकडे बघितलंही नाही. दांडीला लावलं, आणि उजवीकडच्या चार बटणांना चार बोटं, एकेकाला सावकाश, चांगली दाबून. वरून पाणी. दुसऱ्या दिवशी ती शेतात गेल्यावर याने फडक्याने सगळं पुसून घेतलं. पुसताना ते आणखी आत गेलं असणार.

म्हणजे पार्लरमध्ये गडी लाथा मारायला लागला तेव्हाच त्याला कळलं होतं. टर्बोवाला म्हणून घेतलं, व्हिडिओ फिरू दिला, माझ्या शिव्या खाल्ल्या, आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. माझा राग आता कुठे जावा तेच मला कळेना. मी त्याला म्हटलं, "एक शब्द बोलला असतास तर दहा मिनिटांत साफ करून दिलं असतं. मुका झाला होतास का?"

तो म्हणाला, "तू गप्प बसली असतीस का? तिला जाऊन म्हणाली असतीस, तुझ्या पूजेने बिघडलं. तिने एवढ्या दिवसांनी ताट काढलं होतं, अक्का. परत काढलं नसतं."

मी तसंच म्हणाले असते. याच्यापेक्षा खडीवाला ठेकेदार परवडला, त्याला निदान बेधडक शिव्या तरी देता येतात. इथे शिवी द्यायची तर कोणाला? मी स्पिरिट आणि जुना दात घासायचा ब्रश घेतला आणि रडत रडत ती पट्टी घासली. रागाने रडत होते, दुःखाने नाही, एवढं लक्षात ठेवा. चारही जागा लख्ख केल्या, वायरी पुन्हा जोडल्या आणि त्या मूळच्या बटणांखाली चिकटपट्टी मारून त्यांचा संबंधच तोडला. मग ओलं फडकं गुंडाळून कंट्रोलर दुपारभर ठेवला. एकही गोल आपोआप पेटला नाही.

मशिनचं झालं. उरलं होतं दुसरं. मी पार्लरच्या मालकाला फोन केला. त्याने पुढच्या रविवारी या म्हणून सांगितलं आणि अट पुन्हा ऐकवली, जॅकेट काढून, दोन्ही हात टेबलावर. भाऊ म्हणाला, मी जाणार नाही. मी म्हटलं, तू टर्बोवाला नाहीस हे सगळ्यांना कळू दे. तो म्हणाला, टर्बोवालाच बरा आहे. मी भांडले, गयावया केली, वडिलांना मध्ये घातलं. हा दगड. रविवारी सकाळी मी बॅग भरून दारात ठेवली आणि हा खाटेवर जॅकेटात बसलेला. बसची वेळ होत आली होती.

तेवढ्यात आई आतून ताट घेऊन आली. ताटात हळदीकुंकू, पाण्याची वाटी, एक झेंडूचं फूल. मी बॅगेवर झडप घातली, कंट्रोलर पोटाशी धरला आणि म्हटलं, आई, याला नको, मी पाया पडते, याला नको. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. आमच्या घरातलं दार पातळ आहे आणि माझा आवाज जाड, हे मला तेव्हा उमगलं. भाऊबीजेच्या दिवशी तिने चुलीपाशी बसून सगळं ऐकलं होतं, आणि इतके दिवस आम्हाला वाढत होती.

ती भावासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आण तो हात आठे."

तो समजला. मान खाली घालून म्हणाला, "काय कामना शे हाऊ, माय?"

"तेले टाकी दिधं शे का आपन?" आई म्हणाली.

मग तिने वाट बघितली नाही. ताट खाटेवर ठेवलं, त्याच्या जॅकेटच्या खिशात स्वतःचा हात घातला आणि तो हात बाहेर काढला. किती पांढरा पडला होता. ऊनच लागलं नव्हतं त्याला. तिने तो मांडीवर ठेवला, फुलाने पाणी शिंपडलं आणि बोटांना एकेक करून हळद लावली, त्यावर कुंकू, चांगलं दाबून, विळ्याला लावते तसंच. त्याला ते कळत नव्हतं, बोटांत काही जाणवतच नाही त्याला. तो बघत होता. लावून झाल्यावर तिने हाताला नमस्कार केला, ताट उचललं आणि बस निघी जाई म्हणत आत गेली. भावाने जॅकेट काढून खुंटीला अडकवलं. मी नाक पुसलं आणि त्याला म्हटलं, आता चल लवकर, की वरातच काढू तुझी?

पार्लरमध्ये बरीच गर्दी जमली होती, बघ्यांना काय काम असतं? मालक दारातच होता. भाऊ टेबलापाशी बसला, फळी पायाखाली घेतली, कंट्रोलर टेबलावर ठेवला, आणि डाव्या हाताने उजवा हात मनगटाशी धरून उचलला आणि सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला. पाचही बोटं पिवळी-लाल. कुजबुज झाली. मालकाने विचारलं, हे काय आहे? भाऊ म्हणाला, खंडेनवमीची पूजा राहिली होती. मालकाने तोंडातला मावा एका गालातून दुसऱ्या गालात नेला आणि खेळ सुरू करा म्हणाला. त्याने माफी मागितली नाही. मागितली असती तरी मी दिली नसती.

समोर तोच भुसावळचा पोरगा होता. बटणं जेवढी दाबली तेवढीच चालली, ना एक कमी ना एक जास्त. मी पायांकडे बघत होते, पडद्याकडे नाही, त्यामुळे पोरं ओरडली तेव्हा कोण जिंकलं ते मला विचारावं लागलं. आमचा हरला होता, अगदी थोडक्यात. कोणी टर्बो म्हटलं नाही. भुसावळच्या पोराने लगेच पुन्हा एक डाव लावू म्हटलं, आणि लावता लावता खेळाच्या नादात म्हणाला, "ए, तुझा हात जरा सरकव ना, माझ्या वायरवर आलाय."

मी तोंड उघडलं होतं. त्याची आईबहीण काढणारच होते. पण भावाने हूं म्हटलं, पडद्यावरची नजरही न काढता तो हात उचलला आणि पाण्याची बाटली सरकवावी तसा टेबलावरच थोडा बाजूला ठेवला. खिशात नाही घातला.